प्रेमातला डाव ओळखणारं बायेनातो: गाण्याचा अर्थ लावायचा कसा

अकॉर्डियनचे सूर, थोडा फाटलेला आवाज, मधूनच 'आय ओम्बे!' अशी आरोळी. एवढं ऐकलं की नवखा श्रोता शिक्का मारून मोकळा होतो: प्रेमभंगाचं रडगाणं. बायेनातोत, म्हणजे कोलंबियातल्या या अकॉर्डियनच्या गाण्यात, रडगाणी भरपूर आहेत, हे खरंच. पण प्रेमातल्या फसवणुकीवरची गाणी दोन जातींची असतात. एका जातीत गाणारा फसलेला असतो आणि आपलं दुखणं मांडतो. दुसऱ्या जातीत तो समोरच्याला सांगतो, 'तुझा खेळ मला दिसलाय.' ही दुसरी जात पहिलीसारखी वाचली की अर्थ बरोब्बर उलटा लागतो.

या दुसऱ्या जातीची किल्ली एका स्पॅनिश शब्दात आहे: देसेंगान्यो. 'एंगान्यो' म्हणजे फसवणूक. तिच्याआधी 'देस' लागला की ती उतरते. शब्दकोश 'निराशा' असा अर्थ देतात. तो चूक नाही, पण अर्धाच आहे. मराठीत जवळचं म्हणजे भूल उतरणं, डोळे उघडणं. दुःख असतं, पण ते कळण्याच्या मागून आलेलं. गाण्यात ही भूल नेमकी कोणत्या ओळीत उतरते, ते सापडलं की बाकीचा अर्थ आपोआप जागेवर बसतो. पुढची सगळी खटपट त्या एका ओळीसाठी.

आधी गाणं कुठलं, कुणाचं

उच्चारापासून सुरुवात करा. रोमन अक्षरं बघून 'व्हॅलेनाटो' म्हणू नका. स्पॅनिशमध्ये 'व्ही'चा उच्चार 'ब'कडे जातो, जोडीने आलेल्या दोन 'एल'चा 'य' होतो आणि 'टी' म्हणजे आपला 'त'. म्हणून बायेनातो. कोलंबियाच्या कॅरिबियन बाजूला, सिएरा नेवादा दे सांता मार्ता आणि पेरिहा या दोन डोंगररांगांच्या मधल्या खोऱ्यात बायेदुपार नावाचं शहर आहे, सेसार प्रांताची राजधानी. तिथला माणूस तो बायेनातो, आणि त्या मुलखातलं गाणंही बायेनातो.

रेकॉर्डिंगवर ठळक नावं दोन असतात: गायक आणि अकॉर्डियनवाला. गाणं ज्याने रचलं त्याचं नाव बारीक अक्षरांत असतं, आणि अर्थासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. गाण्यातला 'मी' पुष्कळदा रचणाऱ्याचा असतो, गाणाऱ्याचा नव्हे. पात्रिसिया तेहेरान या गायिकेच्या गाजलेल्या गाण्यांत ओमार हेलेस या पुरुषाने रचलेलं गाणंही आहे. तेव्हा आवाज बाईचा म्हणून शब्दही बाईचे, असं धरून चालू नका.

मग काळ बघा. राफाएल एस्कालोना, आलेहो दुरान, जन्मांध लेआंद्रो दिआस यांच्या पिढीची गाणी म्हणजे गावची बातमीपत्रं. माणसांची नावं, गावांची नावं, कोण कुठल्या वाटेने गेलं, सगळं येतं. एस्कालोनाचं बादियो गावच्या चर्चमधल्या जुन्या कुस्तोदियाबद्दलचं गाणं प्रसिद्ध आहे. कुस्तोदिया म्हणजे पवित्र भाकर ठेवायचं मौल्यवान पात्र. परत आलेलं पात्र मूळचं नाही, आकाराने आणि वजनाने कमी वाटतंय, असा संशय तो चारचौघांत बोलून दाखवतो. विषय प्रेमाचा नाही, पण रीत तीच आहे: पुरावा मांडायचा आणि लबाडी उघड करायची. १९७६ मध्ये बिनोमिओ दे ओरो हा संच उभा राहिला, पुढे नव्वदच्या दशकात लोस दियाब्लितोस, लोस इन्किएतोस असे संच गाजले, आणि नावागावाची जागा बिननावाच्या 'तू'ने घेतली. अशा गाण्यांना टीकाकार 'बायेनातो योरोन' म्हणजे रडका बायेनातो म्हणतात. त्या काळच्या गाण्यात गावचा संदर्भ उकरत बसू नका, तिथे तो बहुधा नसतोच. जुन्या गाण्यात मात्र एखादं अनोळखी विशेषनाम सोडून दिलंत तर अर्धी गोष्ट हातची जाते.

ताल अर्थ बदलतो

बायेनातोचे चार प्रकार, त्यांना 'आइरे' म्हणतात: पासेओ, मेरेंगे, सोन, पुया. १९६८ पासून बायेदुपारला भरणाऱ्या बायेनातो महोत्सवात अकॉर्डियनवाल्याला हे चारही वाजवून दाखवावे लागतात. पहिल्याच वर्षी आलेहो दुरान तिथला राजा, म्हणजे विजेता, ठरला.

मोजायला सोपी रीत अशी: 'काहा' नावाच्या छोट्या हाताने वाजवायच्या ढोलाकडे कान द्या आणि बोटांनी मात्रा धरा. चारच्या घरात निवांत चालत असेल तर पासेओ. प्रेमाची बहुतेक गाणी यातच असतात. सहाच्या हेलकाव्यात, आपल्या दादऱ्यासारखं झुलत असेल तर मेरेंगे. (डोमिनिकन नाचाचं मेरेंगे वेगळं, त्याच्याशी गल्लत नको.) सहाचंच पण धावतं असेल तर पुया. संथ आणि अकॉर्डियनचे खर्जाचे स्वर ठासून येत असतील तर सोन.

हे कशाला मोजायचं? 'तुझा डाव मी पाहिला' हे शब्द पासेओत थकलेले वाटतात, मेरेंगेत मिस्कील, आणि पुयात चक्क टोमणा. 'पुयार' या क्रियापदाचा अर्थच टोचणे. भाषांतराचा सूर शब्दांवरून ठरवण्याआधी तालावरून ठरवा.

वहीत चार रकाने

छापील शब्द किमान दोन ठिकाणचे घ्या. एकाच ठिकाणच्या शब्दांवर विसंबू नका, कारण बहुतेक जण ऐकून लिहितात. चार मिनिटांच्या गाण्याला दोन तास धरा. पहिल्यांदा नुसतं ऐका, शब्दांकडे न बघता. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. तिसऱ्यांदा वेग पाऊणपट करून, ओळ ओळ थांबवत. तिसऱ्या फेरीत वहीत चार रकाने भरा: कोण बोलतंय, कुणाला, कोणत्या काळात, आणि कशावरून कळलं.

रकाने भरण्याआधी 'सालुदो' खोडून टाका. बायेनातोच्या रेकॉर्डिंगमध्ये गायक दोन ओळींच्या मधल्या जागेत मित्रांची, आश्रयदात्यांची, कुणाकुणाची नावं घेऊन सलाम ठोकतो. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं ही नावं गाण्यातच घुसवतात, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की प्रेयसी अमक्यासोबत पळाली. ओळखायची खूण सोपी: सालुदो बोलल्यासारखा येतो, सुरात बसत नाही, आणि बहुधा अकॉर्डियनच्या मधल्या तुकड्यावर येतो.

चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. 'बी' म्हणजे पाहिलं. 'मे कोन्तारोन' म्हणजे मला लोकांनी सांगितलं. 'सुपे' म्हणजे कळलं, पण त्याच क्रियापदाचं 'साबिया' म्हणजे ठाऊक होतं. या दोन रूपांत सगळी गोष्ट फिरते. 'सुपे' असेल तर माणूस फसला होता आणि एका क्षणी जागा झाला. 'साबिया' असेल तर त्याला आधीपासून माहीत होतं आणि तो गप्प बसून बघत होता. पहिल्या गाण्यात देसेंगान्यो आहे, दुसऱ्यात नुसता संयम.

कोलंबियात आणखी एक छोटासा शब्द फिरतो, 'दिस्के'. त्याला मराठीत तयार जोड आहे: 'म्हणे'. 'दिस्के मे केरीआ', माझ्यावर प्रेम होतं म्हणे. इतर भाषांतले भाषांतरकार इथे 'तथाकथित' वगैरे अडगळ आणतात. आपल्याला त्याची गरज नाही. हा शब्द दिसला की त्या ओळीखाली रेघ मारा. भूल उतरल्याची ती पक्की खूण.

चार ओळी, जवळून

खालची चार ओळींची कोप्ला, म्हणजे कडवं, सरावासाठी रचलेली आहे, कुठल्या गाण्यातली नाही. पण साचा नेहमीचाच.

या नो मे बेंगास कोन क्वेंतोस,
के या ते बी ला हुगादा:
हुरास्ते के मे केरीआस
इ एन ओत्रा पुएर्ता तोकाबास.

आधी अवयव, म्हणजे शब्दाचे उच्चारातले तुकडे, मोजा. या-नो-मे-बेन-गास-कोन-क्वेन-तोस, आठ. चौथ्या ओळीत 'इ' आणि 'एन' एका दमात म्हणायचे, म्हणजे तीही आठ. एका शब्दाच्या शेवटचा आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीचा स्वर शेजारी आले की स्पॅनिश छंद त्यांना एकत्र मोजतो. ओळीच्या शेवटच्या अवयवावर आघात असेल तर एक वाढवायचा. जुन्या चालीच्या गाण्यात एखादी ओळ अचानक अकरा भरली, तर शब्द चुकीचा ऐकलाय किंवा मधली आरोळी आत शिरलीय असं समजा. नव्वदच्या दशकातल्या पासेओंना मात्र हा नियम लावू नका, ते आठाला बांधलेले नसतात.

आता अर्थ. पहिल्या ओळीत 'या नो' आहे, नुसतं 'नो' नाही. म्हणजे 'आता नाही', आणि त्यात दडलेलं: आधी चालत होतं, आधी मी विश्वास ठेवत होतो. 'क्वेंतोस' म्हणजे गोष्टी. पण गोष्टी घेऊन येऊ नकोस असं मराठीत कुणी म्हणत नाही; थापा मारू नकोस म्हणतात. दुसऱ्या ओळीचा 'के' म्हणजे 'की' नव्हे, 'कारण'. 'ते बी ला हुगादा' यात 'ते' म्हणजे तुला, पण अर्थ 'तुझा': तुझा डाव मी पाहिला. यंत्राचं भाषांतर इथे कधी कधी 'मी तुला पाहिलं' असं देतं आणि डाव गायब होतो. 'हुगादा' म्हणजे खेळातली चाल, आणि मराठीत 'डाव ओळखणं' हा वाक्प्रचार असा नेमका बसतो की दुसरं काही शोधायची गरजच नाही.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत दोन क्रियापदांची जोडी बघा. 'हुरास्ते', शपथ घेतलीस, एकदाच, झालं. 'तोकाबास', ठोठावत होतास किंवा होतीस, पुन्हा पुन्हा, त्याच दिवसांत. शपथ एका क्षणाची आणि दारं ठोठावणं चालू, असा हा आरोप आहे. दोन्ही ठिकाणी साधा भूतकाळ वापरला तर आरोपाचा दात पडतो. 'हुरास्ते के मे केरीआस' मधलं 'केरीआस' भूतकाळी आहे म्हणून 'प्रेम होतं अशी शपथ घेतलीस' असं करू नका. स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापदामागे काळ ओढला जातो, मराठीत नाही. 'प्रेम आहे म्हणून शपथ घेतलीस' हेच बरोबर.

भूल उतरण्याची ओळ दुसरी, 'बी' या एका अवयवात. पुढच्या दोन ओळी काळाने आधीच्या आहेत. गाणं आधी निकाल देतं आणि मग पुरावा, म्हणून घटनाक्रम आणि ओळींचा क्रम एकच समजू नका.

गळणारा 'स'

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची बोली शब्दाच्या शेवटचा 'स' गिळते किंवा त्याचा नुसता श्वास करते. कागदावर 'तोकाबास' असलं तरी कानाला 'तोकाबा' येतं. आणि 'तोकाबा' म्हणजे मी ठोठावत होतो, किंवा तो, किंवा ती! ऐकून लिहिणाऱ्याने 'स' टाकला नाही, तर दगा देणारा आणि दगा खाणारा यांची अदलाबदल होते. उपाय म्हणजे शेजारचं क्रियापद. 'हुरास्ते'चा 'ते' गळत नाही, तो 'तू'चाच असतो. त्याच वाक्यात पुढे 'इ'ने जोडलेलं क्रियापद आलं तर तेही बहुधा 'तू'चंच. तसंच 'आदो'चं 'आओ' होतं: 'एंगान्यादो' ऐकू येतं 'एंगान्याओ'. 'पारा'चं 'पा', 'नादा'चं 'ना'. शब्दकोशात हे सापडत नाही म्हणून चिडू नका, गळलेलं परत जोडून शोधा.

संबोधनाकडेही लक्ष ठेवा. किनाऱ्यावर जवळच्या माणसाला 'तू'च म्हणतात, योगायोगाने शब्दही आपलाच. गाण्यात मध्येच 'उस्तेद' आलं तर तो आदर नव्हे, दार बंद केल्याचा आवाज आहे. भांडणात बायको नवऱ्याला एकाएकी 'तुम्ही मोठे लोक' म्हणते, तसं.

शब्द जे पाय घसरवतात

'इलुसिओन' म्हणजे गाण्यात बहुधा भ्रम नव्हे, मनातली गोड आशा. 'मे इलुसिओनास्ते' म्हणजे मला आशेला लावलंस. 'पेना' म्हणजे दुःख, पण कोलंबियात त्याहून जास्त वेळा लाज किंवा संकोच. 'प्रेतेंदेर' म्हणजे सोंग करणं नाही, एखाद्याच्या मागे लागणं, मागणी घालणं. फसवणुकीच्या गाण्यात हा शब्द आला की इंग्रजी येणारा हमखास आपटतो. 'काचोस' म्हणजे शिंगं, आणि कुणाला शिंगं लावणं म्हणजे त्याच्याशी बेइमानी करणं. मराठीत शिंगं फुटली म्हटलं की माणूस शेफारला असा अर्थ होतो, तेव्हा शब्दशः ठेवायची सोय नाही. 'ग्वायाबो' म्हणजे पेरूचं झाड, बोलीत दारूची उतरण, आणि गाण्यात आठवणीने पोखरणारी हुरहूर. 'तूसा' म्हणजे दाणे काढून घेतलेलं मक्याचं कणीस. प्रेमभंगानंतरच्या अवस्थेला कोलंबियात हाच शब्द आहे. 'एम्बुस्तेरा' म्हणजे थापाडी. 'इंग्राता'ला 'कृतघ्न' म्हटलं की निबंध वाटतो, 'बेईमान' चालतं.

या यादीत एक तिरकी गोष्टही धरा: 'मामार गायो'. शब्दशः कोंबडा चोखणे, अर्थ थट्टा करणे. किनाऱ्यावरच्या माणसाचा हा आवडता उद्योग. गाण्यात फसवणुकीचा आरोप फार रंगवून, अतिशयोक्तीने आला तर तो गळा काढतोय की खेचतोय, ते एकदा तपासा.

आपल्याकडची खंडिता नायिका इथे आठवेल. साम्य आहे, पण थोडंच. खंडिता रात्रभर वाट पाहून, सकाळी आलेल्या नायकाच्या अंगावरच्या खुणा बघून रागावते, आणि तो मनवेल ही शक्यता शिल्लक असते. बायेनातोतला 'मी' मनवून घ्यायला बसलेला नसतो. त्याला साक्षीदार हवे असतात. दोन गायकांनी भर लोकांत एकमेकांना उत्स्फूर्त कडव्यांनी पाडायचं, याला तिथे 'पिकेरिया' म्हणतात. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्याला ते लगेच कळेल. प्रेमाच्या गाण्यातही ती सवय उतरते: बोलणं प्रेयसीशी, पण ऐकवायचं गावाला.

मराठीत उतरवताना

पहिली अडचण लिंगाची. वरच्या कोप्लात बोलणारा बाप्या की बाई, ऐकणारा कोण, काहीच कळत नाही. स्पॅनिश क्रियापद लिंग दाखवत नाही. शोधायचं तर विशेषणांत शोधा: 'एंगान्यादो' की 'एंगान्यादा'. तिथेही नसेल तर गाण्याने ते मुद्दाम किंवा सहज उघडं ठेवलंय, आपण बंद करू नये. मराठीत 'ठोठावत होतास' म्हटलं की फसलो. पण सकर्मक भूतकाळ आपल्याला वाचवतो: 'डाव ओळखला', 'शपथ घेतलीस' यात कर्त्याचं लिंग दिसत नाही. चालू क्रियेसाठी 'दुसरी दारं ठोठावणं चालूच होतं तुझं' असं फिरवता येतं. गद्य अर्थ द्यायचा असेल तर एवढं पुरे.

गाता येण्याजोगं हवं असेल तर आठ अवयवांची ओळ आपल्याकडे घरचीच आहे, अष्टाक्षरी. एक खर्डा:

पुरे तुझ्या आता थापा,
डाव तुझा आला ध्यानी;
प्रेमाच्या त्या आणाभाका,
दुजे दार ठोठावीस.

'ठोठावीस' हा रीती भूतकाळ जरा जुन्या वळणाचा आहे, पण पुन्हा पुन्हा हा अर्थ राखतो आणि लिंग सांगत नाही. मूळ कोप्लात यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत, फक्त स्वरांचं: हुगादा, तोकाबास. इथे ते पहिल्या-तिसऱ्यात सरकलं, थापा आणि भाका. एकदाच घेतलेल्या शपथेच्या आणाभाका झाल्या, तेवढं नुकसान आहे.

दुसरी ओळ आधी 'तुझा डाव ओळखला' अशी सुचते. अर्थाला तीच सरस, अक्षरंही आठ. पण स्पॅनिश ओळीचा आघात सातव्या अवयवावर पडतो, आणि 'ओळखला'मधलं सातवं अक्षर 'ख' बोलताना अर्धं होतं. अकॉर्डियन तिथे जोर देतो आणि गळ्याखाली धरायला स्वरच नसतो. 'ध्यानी'तला 'ध्या' तो जोर पेलतो.